वाट करणारी माणसे

१८९१च्या फेब्रुवारीत राडोव्हना नदीचे पाणी नेहमीपेक्षा बरेच खाली गेले होते. स्लोव्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यात, ब्लेडच्या प्रसिद्ध तळ्यापासून चारेक किलोमीटरवर ही नदी होम आणि बोर्श्ट या दोन डोंगरांच्या मधली चुनखडी कापत जाते. कापता कापता तिने विंटगार नावाची जी अरुंद घळ तयार केली आहे, तिच्यातून माणसाला जाता येणार नाही, असेच तोवर मानले जात होते. दोन्ही बाजूंना पन्नास ते शंभर मीटर उंचीचे सरळ कडे आणि तळाशी काठ नसलेले, कड्यांना घासून वाहणारे पाणी, अशी तिची रचना आहे. त्या हिवाळ्यात पाणी उतरल्याचे पाहून गोर्ये गावाचे महापौर याकोब झूमर आणि नकाशाकार व छायाचित्रकार बेनेडिक्ट लेर्गेटपोरर हे दोघे आत शिरले आणि घळ पार करून बाहेर पडले.

या दोघांविषयी मला जो आदर वाटतो, तो त्यांनी घळ पाहिली म्हणून नाही. पाहून परत येणारे पुष्कळ असतात. या दोघांनी जे पाहिले ते इतरांनाही पाहता यावे म्हणून खटपट केली, गावाला पटवले आणि कड्यांच्या पोटाशी लाकडी फळ्यांचे सज्जे बसवून घेतले. २६ ऑगस्ट १८९३ रोजी विंटगार घळ लोकांसाठी खुली झाली. आज जगभरातून माणसे तिथे येतात, १.६ किलोमीटरची ती वाट चालतात, फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघून जातात. आपल्या पायाखालची फळी कोणीतरी, कधीतरी, दोरीला लोंबकळून बसवली असेल हे चालताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

माझ्याही मनात ते पहिल्या क्षणी आले नव्हते. ताईने दाखवले म्हणून आले. माझी ताई पंचवीसेक वर्षे सह्याद्रीत भटकते आहे आणि कोणत्याही डोंगरात गेली की तिचे लक्ष आधी वाटेकडे जाते, मग देखाव्याकडे. विंटगारमध्ये ती मध्येच थांबली, कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "अगं, ही फळी कशावर टेकली आहे बघ." मी वाकून पाहिले. कड्यात आडवे भोक पाडून त्यात लोखंडी आधार पक्का केला होता, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या फळ्या आणि फळ्यांच्या खाली, मधल्या फटींतून दिसणारे हिरवट निळे पाणी जोराने धावत होते. जुना आधार जिथे काढला होता तिथे त्याची बुजत आलेली भोके कड्यावर अजून दिसत होती. एका जागी तर एकाखाली एक अशा खुणांवरून सज्जाची पातळी कधीतरी बदललेली असावी असे वाटत होते. घळ दर हिवाळ्यात बंद असते. बर्फ, गोठून फुटणारे कडे आणि वसंतातले पुराचे पाणी या तिघांनी केलेली मोडतोड दुरुस्त करूनच ती पुन्हा उघडता येते. आता आत जाताना डोक्यावर हेल्मेट घालावे लागते आणि वाट एकेरी केली आहे. म्हणजे शेवटी असलेल्या शूम धबधब्यापर्यंत गेले की त्याच सज्जांवरून उलटे येता येत नाही, डोंगरावरच्या दुसऱ्या पायवाटेने फिरून यावे लागते. काहींना हा त्रास वाटतो. मला तो नियम फार योग्य वाटला, कारण त्या परतीच्या वाटेवर कुरणे आहेत, गावे आहेत आणि घळ ज्या डोंगरात खोदली गेली आहे तो डोंगर बाहेरून पाहता येतो.

या लेखात मला ज्युलियन आल्प्समधल्या, म्हणजे स्लोव्हेनियाच्या याच वायव्य कोपऱ्यातल्या डोंगररांगेतल्या वाटांविषयी लिहायचे आहे, आणि वाटांविषयी म्हणजे त्या करणाऱ्यांविषयी. या प्रदेशाची भूरचना अशी आहे की इथे निसर्गाने माणसासाठी फारशी वाट ठेवलेलीच नाही. जी वाट आहे ती प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी श्रमाने झालेली आहे. कधी हौसेने, कधी पोटासाठी, कधी राष्ट्राभिमानाने आणि कधी बंदुकीच्या धाकाखाली.

त्यासाठी आधी दगड समजून घ्यायला हवा. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाण्याला वरच्या वर वाहू देतो. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, तिच्यात भेगा पडतात, भेगांचे बोगदे होतात आणि पाणी जमिनीच्या पोटात नाहीसे होते. ज्युलियन आल्प्सच्या काही भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बर्फ पडतो. तरीही वरच्या पठारांवर तासन्‌तास चालले तरी एक ओहोळ भेटत नाही. ते सगळे पाणी खाली दरीत, एखाद्या कड्याच्या तोंडातून एकदम बाहेर पडते. साव्हित्साचा धबधबा असाच आहे. डोंगराच्या आतून आलेला प्रवाह कड्यातल्या गुहेतून उसळतो आणि ७८ मीटर खाली हिरव्या कुंडात कोसळतो. तिथवर पोहोचायला पाचशेहून अधिक पायऱ्यांची चढण आहे. त्या पायऱ्या चढताना जवळपास कुठेही प्रवाह दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि शेवटच्या वळणावर तो एकदम समोर उभा राहतो.

याच्या जोडीला हिमनद्यांचे काम आहे. हिमयुगात या दऱ्या बर्फाने भरलेल्या होत्या. बर्फाने दऱ्यांचे तळ खरवडून रुंद केले, पुढे ढकलत आणलेला दगडमातीचा ढिगारा तोंडाशी टाकला, आणि बर्फ वितळल्यावर त्या बांधामागे पाणी साठले. बोहिन्यचे तळे असे झाले आहे. ते स्लोव्हेनियातले सर्वांत मोठे कायमस्वरूपी नैसर्गिक तळे आहे. चार किलोमीटरहून अधिक लांब, सुमारे एक किलोमीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी ४५ मीटर. ब्लेडच्या तळ्याविषयी मी इथे लिहीत नाही. बेटावरच्या चर्चची आणि कड्यावरच्या किल्ल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. बोहिन्य मला अधिक जवळचे वाटले, कारण त्याच्या काठावर हॉटेलांची रांग नाही. दक्षिण काठाने मोटाररस्ता जातो, पण उत्तर काठाने केवळ पायवाट आहे, बीचच्या झाडीतून, पाण्याला धरून जाणारी. संपूर्ण फेरी साधारण बारा किलोमीटरची होते आणि त्यातला उत्तरेकडचा भाग चालताना मोटारीचा आवाज क्वचितच येतो.

तळ्याच्या पूर्व टोकाजवळ स्तारा फुझिना नावाचे गाव आहे. या गावावरून मोस्टनित्सा नदीच्या घळीत जाणारी वाट निघते. विंटगारपेक्षा ही घळ लहान आहे, पण दगड आणि पाणी यांचा व्यवहार जवळून पाहायचा असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. वाट घळीच्या काठाकाठाने जाते, जागोजागी छोट्या पुलांवरून पलीकडे ओलांडते आणि प्रत्येक पुलावर उभे राहून खाली पाहता येते. एका पुलाखाली नदी जेमतेम दोन हात रुंद होती. पाणी इतके स्वच्छ की खोली कळतच नव्हती. कड्यात गोल गोल रांजणखळगे कोरलेले होते, एकात एक शिरलेले, आणि त्यातल्या एका खळग्याच्या तळाशी मुठीएवढा पांढरा गोटा पाण्याच्या भोवऱ्यात सावकाश फिरत होता. तो थोडा वर येई, कडेला टेके, पुन्हा मधोमध जाई. निघोजला कुकडीच्या पात्रात आपण जे रांजणखळगे पाहतो ते याच कामाने झाले आहेत. फरक इतकाच की तिथे कोरडा दगड पाहून ते काम कसे झाले असेल हे ताडावे लागते आणि इथे ते काम चालू असताना दिसते. ताई आणि मी त्या पुलावर किती वेळ उभ्या होतो ते सांगता येणार नाही. मागून आलेल्या एका कुटुंबातली लहान मुलगीही वाकून तो गोटा पाहू लागली, आणि तिचे आईवडील तिला घाई न करता शांतपणे थांबले, हे मला फार आवडले.

हे गाव मुळात लोखंड गाळणाऱ्यांचे. बोहिन्य परिसरातल्या पठारांवर लोहखनिजाचे गोटे सापडत, बीचच्या लाकडाचा कोळसा पाडला जाई आणि नदीच्या पाण्यावर भात्यांची व घणांची चाके फिरत. म्हणून या भागातल्या सर्वांत जुन्या वाटा गिर्यारोहकांच्या नाहीत; खाणकामगारांच्या, कोळसा पाडणाऱ्यांच्या, गुराख्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या आहेत. अठराव्या शतकात या लोखंडाच्या व्यवसायाचा मालक झिगा झोइस हा विद्येची आवड असलेला उमराव होता आणि त्याच्या प्रोत्साहनाने २६ ऑगस्ट १७७८ रोजी चार जण ट्रिग्लाव्हच्या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले. २८६४ मीटर उंचीचा ट्रिग्लाव्ह हा या देशातला सर्वोच्च पर्वत. त्या चौघांपैकी लूका कोरोशेत्स आणि मातेव्ह्झ कोस हे खाणकामगार, श्तेफान रोझिच हा शिकारी आणि लोव्हरेंत्स विलोमित्सर हा शल्यवैद्य होता. मोठ्या पर्वतांच्या पहिल्या चढाईच्या कथांत वाटाड्यांची नावे बहुधा मागे पडतात आणि खर्च करणाऱ्याचे नाव पुढे येते. इथे तसे झालेले नाही. बोहिन्यच्या काठावर, रिब्चेव्ह लाझ येथे, त्या चौघांचा पुतळा उभा आहे आणि तो झोइसचा नाही, ही गोष्ट मला त्या लोकांच्या मनाविषयी बरेच काही सांगून गेली.

साव्हित्साच्या वर कोमार्चा नावाची भिंतच उभी आहे. पायथ्याशी उभे राहून पाहिले तर या कड्यावरून वाट जात असेल यावर विश्वास बसत नाही. वाट जाते, सुमारे सहाशे मीटरची चढण, बीचच्या मुळांना आणि दगडाला धरून, जिथे दोन्ही नाहीत तिथे लोखंडी खुंट्या आणि पोलादी दोर. ज्या खुंटीवर पाय ठेवायचा ती नेमकी तिथेच असते जिथे आपला पाय ती शोधत असतो. हे आपोआप होत नाही. कोणीतरी आधी तिथे चढून, कमी उंचीच्या आणि जास्त उंचीच्या माणसाचा, चढणाऱ्याचा आणि उतरणाऱ्याचा विचार करून ती जागा ठरवलेली असते. भिंत संपली की चेर्नो येझेरो, म्हणजे काळे तळे लागते. ते १२९४ मीटरवर आहे आणि इथून ट्रिग्लाव्हच्या सात तळ्यांची दरी सुरू होते.

ही दरी म्हणजे चुनखडीच्या कोरड्या प्रदेशातले एक आश्चर्य आहे. जिथे हिमनदीने घासून आणलेल्या बारीक गाळाने तळ लिंपला गेला, तिथेच तेवढे पाणी टिकले आहे आणि बाकी सगळीकडे पांढऱ्या दगडाचे, भेगाळलेले, कोरडे पठार. खालची तळी झाडीत आहेत, मधली लार्चच्या विरळ रानात, आणि वरची दोन हजार मीटरच्या आसपास उघड्या दगडांत, जिथे उन्हाळ्यातही कडेला बर्फाचे पट्टे असतात. तळ्यांत पोहण्याला बंदी आहे. उन्हात चढून आलेल्या माणसाला हा नियम जाचक वाटू शकतो, पण यामागचे कारण भक्कम आहे. या तळ्यांत मूळचे मासे नव्हते. त्यांच्यापैकी दुहेरी तळे म्हणतात त्या तळ्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनी मासे आणून सोडले, त्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन टाकले आणि शेवाळ वाढून तळ्याचा तोल बिघडला. इतक्या थंड, इतक्या थोड्या आणि इतक्या सावकाश बदलणाऱ्या पाण्यात माणसाची एक कृती किती वर्षे पुरते, हे त्या तळ्याच्या काठावरून उघड दिसते. या दरीला १९२४मध्येच संरक्षण मिळाले होते. १९६१मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८१मध्ये ते उद्यान सुमारे ८४० चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले.

काळ्या तळ्याच्या पुढे, खुज्या पाइनच्या जाळीतून जाणाऱ्या वाटेवर, आम्हांला एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुणी काम करताना भेटली. त्यांच्याजवळ रंगाचे दोन छोटे डबे, दोन ब्रश, तारेचा एक ब्रश आणि फांद्या छाटण्याची मोठी कात्री होती. ती दोघे वाटेवरच्या खुणा पुन्हा रंगवत होती. स्लोव्हेनियात डोंगरवाटेची खूण एकच असते: पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडे. १९२२मध्ये अलॉयझ क्नाफेल्त्स या नकाशाकाराने ती ठरवली आणि पुढे ती या देशाबाहेर, शेजारच्या देशांतही पसरली. २००७मध्ये डोंगरवाटांचा जो कायदा झाला त्यात ही खूण कायद्यानेच बंधनकारक करण्यात आली. देशात अशा खुणा केलेल्या वाटा सुमारे दहा हजार किलोमीटर आहेत, आणि देशाची लोकसंख्या आहे सुमारे २१ लाख. प्रत्येक वाटेला एक सांभाळणारी संस्था नेमून दिलेली असते आणि तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक, सुटीच्या दिवशी, पगाराशिवाय, हे काम करतात.

आम्ही त्यांच्या परवानगीने तिथे बसलो. तरुणीने आधी दगडाचा भाग तारेच्या ब्रशने घासला, शेवाळ आणि जुन्या रंगाचे पापुद्रे काढले, हाताने धूळ झटकली आणि मग साचा न वापरता, मोकळ्या हाताने गोल काढला. गृहस्थ दूर जाऊन उभे राहिले आणि वरून येणाऱ्या माणसाच्या जागेवरून ती खूण दिसते का हे त्यांनी पाहिले. मग खालच्या वळणावर जाऊन तिथून पाहिले. खूण दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे, धुक्यातही दिसली पाहिजे आणि तरीही गरजेपेक्षा जास्त खुणा असता कामा नयेत, असे त्यांनी इंग्रजीत सावकाश, शब्द शोधत आम्हांला सांगितले. जिथे वाट चुकण्याचा संभव नाही तिथे खूण करणे म्हणजे डोंगराला उगीच रंग फासणे, असे त्यांचे मत होते. थोडे पुढे त्यांनी एका दगडावरची जुनी खूण करड्या रंगाने मिटवली, कारण दरड आल्यामुळे वाट तिथून थोडी वर हलवली होती. ताईने त्यांना आपल्याकडच्या वाटांविषयी सांगितले: कुठे एखाद्या संस्थेने काढलेले बाण, कुठे दगडांवर रचलेले दगड, कुठे झाडाला बांधलेली चिंधी, आणि एकाच वाटेवर तीन रंगांचे बाण तीन दिशांना. तिला त्यात तक्रार करायची नव्हती. आपल्याकडच्या ज्या गटांनी स्वतःच्या खर्चाने आणि वेळाने खुणा केल्या आहेत त्यांच्याविषयी तिला आदर आहे, आणि सगळ्यांनी मिळून एक खूण ठरवली तर कितीतरी जीव वाचतील असे तिला मनापासून वाटते. मलाही तसेच वाटते.

त्या संध्याकाळी दुहेरी तळ्याजवळच्या, १६८५ मीटरवरच्या निवाऱ्यात आम्ही मुक्काम केला. जेवणाला जव, घेवडा आणि गाजराची दाट पातळभाजी होती, तिथे तिला रिचेत म्हणतात. त्यात बहुधा धुरावलेले मांस घालतात, पण मांसाशिवायचीही मिळाली. भिंतीवर वाटांच्या यादीचा कागद होता आणि टेबलावर शिक्का व शाई. या देशात डोंगर चालणारे लोक वही बाळगतात आणि प्रत्येक शिखरावर, प्रत्येक निवाऱ्यात शिक्का मारून घेतात. १९५३मध्ये मारिबोरपासून समुद्रकाठापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटरची एक सलग डोंगरवाट आखली गेली. तिच्या खुणेशेजारी १ हा अंक लिहिलेला असतो. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या लोक ती तुकड्यातुकड्याने, कधी कधी आयुष्यभर, पुरी करत आले आहेत. आमच्या टेबलावर बसलेल्या एका बाईंच्या वहीची पाने कडेला विरली होती आणि सुरुवातीचे शिक्के फिकट निळे झाले होते.

वाटेची खूण ही कधी काळी राजकीय गोष्टही होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि डोंगरातले निवारे व वाटा उभारण्यात जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहण संस्था आघाडीवर होत्या. पाट्या जर्मनमध्ये असत. १८९३मध्ये, म्हणजे विंटगार खुली झाली त्याच वर्षी, स्लोव्हेन लोकांनी स्वतःची गिर्यारोहण संस्था स्थापन केली. डोव्हये गावचे धर्मगुरू आणि संगीतकार याकोब आल्याझ यांनी तर ट्रिग्लाव्हच्या माथ्यावरची थोडीशी जागाच विकत घेतली आणि ७ ऑगस्ट १८९५ रोजी तिथे सुमारे दोन मीटर उंचीचा, पत्र्याचा, गोल मनोरा उभा केला. मनोऱ्याचे भाग माणसांनी पाठीवर वाहून वर नेले. बाहेरून पाहिले तर तो केवळ वादळात आसऱ्याला उभे राहण्याचा पत्र्याचा डबा आहे. पण ज्यांचे राज्य नव्हते, ज्यांची भाषा कचेरीत चालत नव्हती, त्या लोकांनी आपल्या सर्वोच्च शिखरावर केलेली ती खूण होती, आणि आज ट्रिग्लाव्ह त्यांच्या झेंड्यावर आहे. पाट्या कोणत्या भाषेत लावायच्या हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

आता मी ज्या वाटांविषयी लिहिणार आहे त्या हौसेने झालेल्या नाहीत. उत्तरेकडच्या क्रान्यस्का गोरा गावातून १६११ मीटर उंचीच्या व्हर्शिच खिंडीवर जाणारा आणि पलीकडे ट्रेंटा दरीत उतरणारा पन्नास वळणांचा रस्ता आज मोटारींनी आणि सायकलींनी गजबजलेला असतो. तो पहिल्या महायुद्धात, सोचा नदीच्या आघाडीवर रसद पोहोचवण्यासाठी, रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. हिवाळ्यातही खिंड खुली ठेवण्याचा हुकूम होता. १९१६च्या मार्चमध्ये हिमलोट कोसळला आणि शंभराहून अधिक कैदी, त्यांच्यासह काही पहारेकरीही, त्याखाली गेले. जे वाचले त्यांनी रस्त्याच्या कडेला आपल्या मृत सोबत्यांसाठी लाकडाचे छोटे प्रार्थनाघर बांधले. ते अजून आहे. दर वर्षी जुलैमध्ये तिथे त्यांची आठवण केली जाते. आम्ही त्या प्रार्थनाघरापाशी उतरलो तेव्हा ताईने आत न जाता बाहेरच्या पायरीवर बराच वेळ बसून काढला.

खिंडीपलीकडे सोचा नदी आहे. ट्रेंटामध्ये कड्यातल्या एका खोल भेगेतून ती उगवते आणि तिच्या काठाने पंचवीस किलोमीटरची पायवाट खाली उतरते, झुलत्या पुलांवरून कधी या काठाला, कधी त्या काठाला. एका टप्प्यावर नदी सुमारे ७५० मीटर लांबीच्या अरुंद घळीत शिरते. पांढऱ्या दगडाच्या चिरेतून वाहणाऱ्या त्या पाण्याचा रंग मी शब्दांत सांगू शकत नाही. पाचू म्हणतात, पण पाचू निर्जीव असतो. याच सुंदर दरीत १९१५ ते १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या सैन्यांत बारा लढाया झाल्या, आणि शेवटची, ऑक्टोबर १९१७मधली, कोबारिदची. डोंगरांच्या धारेवर सैनिक राहत होते, आणि त्यांना अन्न, पाणी, दारूगोळा पोहोचवण्यासाठी दोन्ही सैन्यांनी खेचरांच्या वाटा बांधल्या.

लेपेना दरीतून क्रनच्या तळ्याकडे चढणारी वाट त्यांतली एक आहे. ताईच्या गुडघ्यांना उतार सोसत नाही, म्हणून तिने ही वाट मुद्दाम निवडली होती. ओझे वाहणाऱ्या खेचराला तीव्र चढ चालत नाही, म्हणून वाट डोंगराला लांब लांब हेलकावे देत, एकसारख्या चढाने जाते. प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत आहे, आणि शंभर वर्षांनंतरही तिच्यातला मोठा भाग जागचा हललेला नाही. मी एका वळणावर त्या भिंतीच्या दगडांवर हात ठेवला. प्रत्येक दगड घडीव होता, मागच्या बाजूला किंचित कललेला, फटीत बारीक चिपा ठोकलेल्या. ज्याने हे रचले त्याला दगडाचे काम येत होते. तो बहुधा कुठल्यातरी खेड्यातला गवंडी असावा आणि त्याला घरी परत जाता आले की नाही हे ती भिंत सांगत नाही. त्याच्या कामामुळे माझी बहीण मात्र दुखण्याशिवाय तळ्यापर्यंत पोहोचली. ही गोष्ट मला तिथे फार जड वाटली आणि आजही वाटते. या वाटेवरून चालण्याचा आनंद घेऊ नये असे मी म्हणत नाही; घ्यावाच. पण तो कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला आहे हे ठाऊक असावे.

तोल्मिनच्या घळींत, जिथे तोल्मिन्का आणि झाडलाश्चित्सा या नद्या भेटतात आणि राष्ट्रीय उद्यानाचा १८० मीटरवरचा सर्वांत खालचा बिंदू आहे, आम्ही पावसात गेलो आणि फार थोडे पाहिले, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. अरुंद फटीत, डोक्यावर वीसेक हात उंच, अडकून राहिलेला एक प्रचंड धोंडा मात्र आठवतो, आणि त्याच्याखालून जाताना सगळ्यांनीच वाढवलेली पावले.

हा भाग भूकंपाचाही आहे. १२ एप्रिल १९९८च्या आणि १२ जुलै २००४च्या भूकंपांत सोचाच्या वरच्या खोऱ्यात कडे कोसळले आणि वाटा नाहीशा झाल्या. त्या पुन्हा शोधाव्या, तपासाव्या आणि आखाव्या लागल्या. म्हणून इथल्या वाटांच्या बाबतीत जुना नकाशा पुरत नाही.

मराठी वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर ब्लेडला एक दिवस देऊन परत न फिरता बोहिन्यला मुक्काम करावा असे मी आग्रहाने सांगेन. ब्लेडहून बस जाते. वरच्या तळ्यांकडे जून संपेपर्यंत बर्फ असू शकतो, म्हणून जुलैचा मध्य ते सप्टेंबर हा काळ धरावा आणि निवाऱ्यातली जागा आधी राखून ठेवावी. वरच्या पठारावर प्यायला पाणी नाही. निवाऱ्यांतले पाणी बहुधा पावसाचे साठवलेले असते, बाटलीतले विकत मिळते आणि महाग असते, कारण ते वर नेणे महाग आहे. त्यावर घासाघीस करू नये. आपला कचरा आपण खाली आणावा, तशी तिथली रीतच आहे. कोमार्चाची वाट ओल्या दिवसात चढू नये, कारण हजारो पायांनी गुळगुळीत झालेली चुनखडी पावसात साबणासारखी होते, आणि उतरायला तर ती कोरड्या दिवसातही सोपी नाही. निघण्याआधी वाट उघडी आहे का, हे बोहिन्यच्या माहिती केंद्रात विचारावे. तिथल्या माणसांना ते नेमके ठाऊक असते, कारण त्यांच्यापैकीच कोणीतरी गेल्या आठवड्यात रंगाचे डबे घेऊन वर जाऊन आलेले असते.